अक्काची अर्धी कहाणी

“हेमाताई, तुमच्या घरात अक्का बोलतायत,” शकीलाभाभी फोनवर म्हणाल्या.

श्रावणातला शुक्रवार होता, भर दुपार. मी आमच्या औषधांच्या दुकानात एका आजोबांना खोकल्याचं औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर, हे पुन्हा एकदा समजावून सांगत होते. भाभी माझ्या आईच्या, म्हणजे इंदूताईंच्या, समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. उगाच घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. आणि माझी मावशी, म्हणजे अक्का, वारली हे त्यांना ठाऊक नव्हतं असंही नाही. वर्षापूर्वी तिला जिन्यावरून खाली नेताना त्यांनीच एका बाजूनं धरलं होतं.

मी म्हटलं, ती श्रीरंगची डबी असेल.

“डबी मला माहीत आहे हो. रोज ऐकते मी. पण रोज इंदूताई मधेच उठतात, कुकर लावतात, मला हाक मारतात. आज सकाळपासून उठल्याच नाहीत. मी दार वाजवलं, तर आतून नुसतं ‘हं’ आलं. परत वाजवलं, परत ‘हं’.”

मी आजोबांना नवऱ्याच्या हवाली केलं आणि स्कूटर काढली.

अक्का ही आईची थोरली बहीण. दोघींचे नवरे गेल्यावर त्या कऱ्हाडातल्या त्या दोन खोल्यांत एकत्र राहायला लागल्या आणि दिवसभर एकमेकींशी भांडून त्यांनी तब्येती छान ठेवल्या. श्रावणातल्या एका शुक्रवारी मात्र सकाळपुरतं भांडण बंद. त्या दिवशी अक्का कहाणी सांगायची. पुस्तकात सापडेल अशी नव्हे, त्यांच्या माहेरची, विहिरीत उतरलेल्या सुनेची. समोरासमोर दोन पाट, मधे समई. एकावर सांगणारी अक्का, दुसऱ्यावर ऐकणारी आई. ऐकणारीनं मुठीत अक्षता धरायच्या आणि दर वाक्याला हुंकार द्यायचा. दुसरा शब्द बोलायचा नाही. कहाणी पुरी होईपर्यंत मूठ सोडायची नाही, उठायचं नाही, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. संपली की अक्षता समईपाशी वाहायच्या आणि पुरणपोळी खायची. सगळा मिळून अर्ध्या तासाचा मामला. मला त्यातलं पुरण तेवढं कळायचं. लहानपणी मी स्वयंपाकघराच्या दारात बसून शेवटाकडे डोळे लावायचे, कारण शेवट आल्याशिवाय ताट वाढत नसत.

आईनं ती कहाणी जन्मभर ऐकली. जेवताना ती अक्काला दरवर्षी टोमणा मारायची की तुला दुसरी येतच नाही का. आणि एखाद्या वर्षी अक्कानं मधलं वाक्य जरा बदललं, तर तीच आई दोन दिवस फुगून बसायची.

अक्का गेली आणि आईचं बोलणंच गेलं. भांडायला माणूस नाही म्हटल्यावर ती बोलणार तरी कुणाशी? माझा धाकटा भाऊ श्रीरंग पुण्याला एका कंपनीत होता, बोलणारी यंत्रं करायचे ते लोक. अक्कानं फोनवर पाठवलेले लांबच लांब निरोप त्यानं जपून ठेवले होते. हिंग अमक्याच दुकानातून आण, केस काप, लग्न कर. ते सगळे त्यानं एका डबीला ऐकवले आणि डबी अक्काच्या आवाजात गोष्टी सांगायला लागली. डबी म्हणजे चहाच्या डब्याएवढी करडी वस्तू, मागून वायर. आपण ‘हं’ म्हटलं की ती पुढं जायची. श्रीरंगला तिचा फार अभिमान. ही कधी संपत नाही, तो मला म्हणाला. शेवट आला की माणूस उठतो ताई, आणि उठला की गेला.

मीही खूश होते. आई दोन घास जास्त जेवायला लागली होती. मला एकच गोष्ट जरा विचित्र वाटायची. डबीनं राजाची गोष्ट सुरू करू दे नाहीतर व्यापाऱ्याची, मी जाईन तेव्हा ती फिरून फिरून एका विहिरीपाशी आलेली असायची. मी समजले, यंत्राची खोड असेल.

माझ्याकडे किल्ली होती. दार उघडलं तेव्हा भाभी माझ्या मागोमाग आत आल्या आणि उंबऱ्यापाशीच थांबल्या.

खोलीत पुरणाचा वास होता. ओट्यावर ताटं झाकून ठेवलेली दिसत होती. समईतलं तेल तळाला गेलं होतं. आई आपल्या पाटावर भिंतीला टेकून बसली होती, उजवी मूठ गुडघ्यावर. समोरच्या, अक्काच्या पाटावर डबी होती. तिच्याभोवती आईनं रांगोळी काढली होती.

“आणि मग सून आणखी एक पायरी उतरली,” डबी म्हणाली.

“हं,” आई म्हणाली.

“पायरीखाली पाहते, तो आणखी एक पायरी.”

“हं.”

आवाज अगदी अक्काचा होता. खाकरणंसुद्धा तिचंच. फक्त अक्काला दमा होता, मोठं वाक्य झालं की ती थांबून श्वास घ्यायची आणि त्याची शीळ वाजायची. डबी श्वासासाठी थांबत नव्हती. मी त्या खोलीत उभी राहून ऐकत होते आणि माझ्याच छातीत कोंडायला लागलं होतं.

मी आईला हाक मारली. तिनं डोळे माझ्याकडे वळवले, ओळखलं, आणि पुन्हा डबीकडे वळवले. तिच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. मी आत जाऊन तिच्या गोळ्यांचं पाकीट बघितलं. साखरेची सकाळची गोळी घेतलेली होती. अर्ध्या तासात जेवायचंच आहे, या हिशेबानं तिनं ती घेतली असणार.

ज्याच्या दुकानात या गोळ्या विकल्या जातात त्याला पुढचं सांगावं लागत नाही. पोटात अन्न नाही आणि गोळी आपलं काम करतेय. साखर अशीच उतरत राहिली तर ती पाटावरच बेशुद्ध पडणार, आणि त्यानंतर तोंडातून काही घालायचीही सोय राहणार नाही. मी साखर बोटावर घेऊन तिच्या ओठांशी नेली. तिनं ओठ घट्ट मिटले. मी जोर केला तर मान फिरवली. ‘हं’ म्हणायला तेवढे ते उघडायचे, आणि मी बोट नेईपर्यंत बंद.

मी भाभींना रुग्णवाहिकेला फोन करायला सांगितलं आणि स्वतः श्रीरंगला लावला. तो मीटिंगमध्ये होता. मी म्हटलं, चुलीत घाल तुझी मीटिंग, आधी या डबीला गोष्ट संपवायला सांग.

तो उठून बाहेर आला. मग म्हणाला, “तिला शेवट येत नाही, ताई. आम्ही शिकवलाच नाही.”

“मग आत्ता शिकव.”

त्यानं लहानपणी ऐकलेला शेवट आठवून तिकडून काहीतरी खटपट केली. डबी क्षणभर गप्प झाली. मग अक्काच्या आवाजात, अगदी ठेक्यात, तिनं सुरू केलं. “आणि मग सून विहिरीतून वर आली. दिवा लावला. बाळाला जवळ घेतलं. कहाणी गेली आपल्या घरा, अक्षता वाहा, पाट सारा.”

हेच ते शब्द. अक्का दरवर्षी याच शब्दांनी संपवायची. आईचे खांदे खाली आले. मूठ सैल झाली, एक दाणा घरंगळून फरशीवर पडला. मी साखरेची वाटी उचलली.

“आणि पाट सारते,” डबी म्हणाली, “तो पाटाखाली एक पायरी.”

आईची मूठ परत मिटली. “हं,” ती म्हणाली.

मी वायर उपटली.

खोली एकदम शांत झाली. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला, तेवढाच आवाज. मला वाटलं, सुटलो. आई समोरच्या पाटाकडे बघत होती. मग मान किंचित हलवून म्हणाली, “हं.”

कुणीही काही बोललं नव्हतं.

थोड्या वेळानं पुन्हा, “हं.” मधे एका वाक्याएवढं अंतर. माझ्या हातात वायर होती, तिच्या प्लगचे पितळी पाय मला टोचत होते, आणि आई कुणाचंतरी नीट ऐकून घेत होती.

“तेव्हाही असंच होतं,” भाभी दारातून हळूच म्हणाल्या.

मी विचारलं, कधी?

त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं. गेल्या वर्षी त्या पुरणपोळीसाठी म्हणून आल्या होत्या, दरवर्षी यायच्या. दार लोटलेलंच होतं. अक्का पाटावर भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. आई समोर बसून हुंकार देत होती. भाभींना वाटलं, अक्का हळू आवाजात सांगतेय, म्हणून त्याही आवाज न करता खाली बसल्या. बराच वेळ बसल्या. मग समईची ज्योत हलली तरी अक्काची पापणी हलली नाही, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

“तुम्ही एकदम दवाखान्यात आलात. हे तुम्हाला कसं सांगायचं? इंदूताईंनी तर गाडीतसुद्धा मूठ सोडली नव्हती.”

मी खाली वाकून मघाशी पडलेला दाणा उचलला. आजच सकाळी हळद लावलेला तांदूळ पिवळाधमक असतो. हा मातकट झाला होता आणि त्याला बारीक भोक पडलं होतं. आईच्या मुठीत गेल्या वर्षीच्या अक्षता होत्या.

मी तिच्यापुढं गुडघ्यांवर बसले. आता डबीही बंद होती, म्हणजे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणजे ऐकणारीला बोलायला हरकत नसावी. मी तिला म्हटलं, आई, बोल माझ्याशी.

तिला शब्द गोळा करायला वेळ लागला. जीभ जड झाली होती. “अर्धी राहिली गं,” ती म्हणाली. “सून खालच्या पायरीवर उभी आहे. वर्ष झालं. अक्काही तिथंच आहे, तिच्याजवळ. मी उठले तर दोघी तिथंच राहतील.”

“तुला शेवट पाठ आहे. तूच म्हण आणि मोकळी हो.”

“ऐकणारीनं नाही सांगायचा,” आई म्हणाली. “मग ऐकलं कुणी?” आणि डबीकडे बोट करून, “रोज विचारते हिला. ही रोज एक पायरी वाढवते.”

म्हणजे ती डबीची खोड नव्हतीच. राजा असो, व्यापारी असो, आईच तिला दिवसभर ढकलत विहिरीपाशी आणायची. आम्ही समजत होतो, आईला नव्या नव्या गोष्टींची गोडी लागली आहे. तिला एकच गोष्ट हवी होती, जुनी, आणि तिचाही फक्त शेवट.

फोनवर श्रीरंग अजून होता. मी तो तसाच फरशीवर ठेवला, डबी उचलून बाजूला केली आणि अक्काच्या पाटावर बसले. त्या पाटावर मी कधीच बसले नव्हते. रांगोळी माझ्या पायानं पुसली गेली.

“कुठपर्यंत आली होती अक्का?” मी विचारलं.

“खालची पायरी. जात्याचा आवाज आला.”

मला व्रतवैकल्यं येत नाहीत. पण स्वयंपाकघराच्या दारात बसून जे कानावर पडलं होतं, ते कुठं गेलेलं नसतं. मी सुरू केलं.

“जात्याचा आवाज आला. सून बघते, तो विहिरीच्या तळाशी एक बाई दळत बसलेली.”

“हं.”

“बाई म्हणाली, माझे हात भरून आले. मी येईपर्यंत तू दळ.”

“हं.”

“सून दळायला बसली. शेजारी धान्याची रास. ओंजळ घालावी तरी रास तेवढीच. वर पाळण्यात बाळ रडून झोपलं. उठलं, परत रडलं.”

“हं.” हा हुंकार बारीक होता. आईची मान कलायला लागली होती.

“सुनेच्या तळहाताला फोड आले. रास तेवढीच. आणि मग...”

इथं मी अडकले. खरं सांगायचं तर अडकलेही नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. ‘आणि मग’ म्हटल्यावर पुढचं वाक्य आपोआप जिभेवर येत होतं. आणि मग सुनेनं आणखी एक ओंजळ घातली. त्याच्यामागून दुसरं तयार, दुसऱ्यामागून तिसरं. काही आठवावं लागत नव्हतं, काही ठरवावं लागत नव्हतं. त्या पाटावर बसून मी संध्याकाळपर्यंत दळत राहिले असते, आणि आई हुंकार देत देत माझ्या डोळ्यांदेखत गेली असती. मी तोंड घट्ट मिटलं.

स्वयंपाकघरातून पुरणाचा वास आला. मी लहानपणी नेमकी कोणत्या शब्दाला उठून उभी राहायचे? एक शब्द होता. तो आला की मी ताटाकडे धावायचे आणि अक्का हातानंच मला थांब म्हणायची.

“आणि मग सुनेनं शेवटची ओंजळ जात्यात घातलीच नाही,” मी म्हणाले. “मुठीत धरून उभी राहिली. बाई परत आली. म्हणाली, अजून रास आहे. सून म्हणाली, असू दे. पुरे.”

आईनं डोळे उघडले. “हं.”

“‘पुरे’ म्हणताच जातं थांबलं. विहिरीला पाणी आलं. एक पायरी बुडाली, सून एक पायरी वर आली. सगळ्या पायऱ्या बुडाल्या, सून काठावर आली. ओल्या पदरानं घरी गेली. बाळाला पाजलं. मुठीतले दाणे दिव्यापुढं ठेवले. विहिरीत मागं कुणी उरलं नाही.”

“हं.”

“कहाणी गेली आपल्या घरा. अक्षता वाहा, पाट सारा.”

आईनं शेवटचा हुंकार दिला. आणि त्याच्यामागून, माझ्या गुडघ्यापाशी, फरशीवरून दुसरा आला.

“हं.”

अक्काचा. आणि त्याच्या शेवटी शीळ वाजली, मोठं काम उरकल्यावर तिची वाजायची तशी, श्वास सोडल्याची.

मी खाली बघितलं. डबी होती तिथंच होती, वायर तिच्याशेजारी मोकळी पडलेली. भाभींनी डोक्यावरून ओढणी पुढं ओढली होती आणि त्यांचे ओठ हलत होते. आईनं मात्र वळूनही पाहिलं नाही. तिनं मूठ उघडली. दाणे तळहाताला इतके रुतून बसले होते, की डाव्या हातानं एकेक सोडवावा लागला. ते तिनं समईपाशी वाहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “भूक लागली गं.”

आधी साखरेचं पाणी, मग पोळी, दूध. रुग्णवाहिकेतला डॉक्टर जिना चढून येईपर्यंत तिच्या ओठांवर रंग आला होता. त्यानं बोटाला सुई टोचून साखर बघितली, मला दटावलं आणि भाभींच्या आग्रहानं एक पोळी खाऊन गेला. मी आईच्या ताटात दुसरी वाढायला लागले तेव्हा तिनं ताटावर हात आडवा धरला.

“पुरे,” ती म्हणाली, आणि मग रडायला लागली. वर्षभरात पहिल्यांदाच ती अक्कासाठी रडली. मी रडू दिलं.

फरशीवरचा फोन उचलला तेव्हा श्रीरंग अजून होता.

“ताई, शेवटी कोण बोललं?”

मी म्हटलं, आई.

“आईच्या नंतर. डबी तर इथं बंद दिसतेय.”

मी फोन ठेवून दिला.

डबी तो पुढच्या रविवारी घेऊन गेला. तिच्यात काही बिघाड नव्हता. पुण्यात ती चालू केल्यावर अक्काच्या आवाजात पूर्वीसारख्याच गोष्टी सांगायची, राजाच्या, व्यापाऱ्याच्या, हव्या तेवढ्या. विहीर मात्र तिच्या गोष्टींत परत आली नाही. त्यानं मुद्दाम विचारून पाहिलं, तरी नाही.

त्यानंतर आई बरीच वर्षं जगली. दर श्रावणात मी तिला कहाणी सांगायचे, तीच ती, आणि जेवताना ती मला टोमणा मारायची की तुला दुसरी येत नाही का. आता तीही नाही. भाभी लेकीकडे सांगलीला गेल्या. श्रावणातल्या त्या शुक्रवारी श्रीरंग पुण्याहून येतो, पँट वर ओढून पाटावर बसतो, मुठीत अक्षता धरतो आणि सगळीकडे हुंकार अगदी वेळेवर देतो. केस पांढरे झाले तरी चावटपणा गेलेला नाही. मी पाट सारा म्हटलं की समईकडे एकदा बघून घेतो आणि विचारतो, “आणि मग?”

“मग काही नाही,” मी म्हणते. “अक्षता वाहा आणि हात धुऊन जेवायला ये.”